चष्म्यापुरता कान

सिहोऱ्याच्या शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी मॅडमनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "सर, गाडी हाय का तुमच्याकडे?"

मी म्हणालो, आहे. जुनी आहे, पण चालते.

"मंग झालं!" त्यांनी टाळी वाजवली आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ऐका ऐका, गाडीवाले सर आले! आता विज्ञानाची प्रगती कोनी थांबवू शकत नाई."

माझा विषय मराठी. विज्ञानाची प्रगती माझ्या मोटरसायकलवर कशी अवलंबून आहे, हे कळायला आठ दिवस लागले. मॅडम विज्ञान शिकवत. विज्ञान प्रदर्शन, तालुक्याच्या बैठका, तुमसरहून आणायच्या परीक्षानळ्या, अशी त्यांची सारखी धावपळ चालू असे आणि गाडी चालवायचा परवाना त्यांना मिळत नव्हता. डोळे अधू होते. जन्मापासून त्यांच्या अंगात रंगच नव्हता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या, कातडी गुलाबी. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की त्यांच्यामागचे डोळे लांबून आल्यासारखे वाटत. तेव्हा त्या चाळिशीच्या पुढे होत्या, मी सव्वीस वर्षांचा.

अशा माणसाला आमच्याकडे सूर्यमुखी म्हणतात. मॅडमना ते नाव मुळीच पटत नसे. "सूर्यमुखी म्हंजे सूर्याकडे तोंड करनारं. मी तं जन्मभर त्याच्याकडे पाठ करून चालून राहिली," म्हणायच्या. कुणी दबक्या आवाजात 'कोड' म्हटलं, तर तिथंच थांबवून कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनचा धडा सुरू. एकदा तुमसरच्या भाजीबाजारात एका म्हाताऱ्या भाजीवालीला त्यांनी फळ्याशिवाय, खडूशिवाय पंधरा मिनिटं मेलॅनिन शिकवलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि दोन वांगी जास्त टाकली.

उन्हाशी त्यांचं जन्माचं वैर होतं, पण ते त्यांनी खेळासारखं मांडलं होतं. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली गावाचा एक नकाशा असे. त्यात रस्ते नव्हते, सावल्या होत्या. कडुलिंबाची सावली साडेदहापर्यंत कुठं असते, ग्रामपंचायतीची भिंत दुपारी तीननंतर किती सावली टाकते, उन्हाळ्यात काय, थंडीत काय, सगळं निळ्या पेन्सिलीनं आखलेलं. शाळेतून पोस्टात जायचा त्यांचा अकराचा रस्ता वेगळा आणि चारचा वेगळा. चारचा रस्ता एका घराच्या परसातून जायचा. त्या घरच्या बाई म्हणत, "आमच्या घडीले चावी द्याची गरज नाई. मॅडम गेल्या का चार."

मोटरसायकलवर माझ्यामागं बसल्या की त्या छत्री उघडत. मी पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं, मॅडम, वारा लागेल. त्या म्हणाल्या, "लागू द्या ना, पाहू काय होते." तुमसरच्या रस्त्यावर समोरून ट्रक गेला, छत्री उलटी झाली, हातातून सुटली आणि रस्त्यालगतच्या बांधीत, रोवणी झालेल्या धानात जाऊन पडली. मी घाबरून ब्रेक दाबला. मागं मॅडम आनंदानं ओरडत होत्या, "हवेचा दाब, सर! आठवीचा धडा! अगदी तसाच झाला!" मग त्या एका बाभळीखाली उभ्या राहिल्या आणि मी गुडघाभर चिखलात उतरून छत्री आणेस्तोवर मला तो धडा समजावत राहिल्या.

अंगभर कपडे, त्यावर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्यावर शिंदीच्या पानांची टोपी, नाकातोंडावरून घट्ट रुमाल. फक्त कान उघडे. ते त्यांनी कधी झाकले नाहीत. मी एकदा विचारलं, काहून?

"मले चेहरे दिसतेत कुठं, सर? मी मानसं पायाच्या आवाजावरून ओळखतो. कान झाकले का मी आंधळी."

खरंच होतं ते. व्हरांड्यातून कुणीही आलं तरी वर न पाहता त्या नाव घेत. हेडमास्तरांच्या चपलेचा आवाज एकदा बदलला, तर म्हणाल्या, "नवीन घेतल्या वाटते. डावी चावून राहिली का?" डावीच चावत होती.

तर जखम झाली ती त्या उघड्या कानावर. उजव्या कानाची वरची कड, जिथं चष्म्याची काडी टेकते, तिथंच. आधी नुसता खरखरीत ठिपका होता. मग खपली धरली, खपली पडली, थोडं रक्त आलं, पुन्हा खपली. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, चष्मा घासतो. मलम दिलं. मॅडमनी काडीला कापूस गुंडाळला. मग तुमसरला जाऊन फ्रेम बदलली. तीनेक महिने झाले, तरी जखम होती तशीच. उलट कडेनं थोडी जाड झाल्यासारखी वाटत होती.

एके दिवशी वही तपासताना (वही त्या नाकाला लावूनच तपासत) कागदावर रक्ताचा थेंब पडला. मॅडमनी लाल पेन खाली ठेवलं, थेंबाकडं वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, आपन इतके दिवस चुकीच्या पद्धतीनं प्रयोग करून राहिलो."

"कसला प्रयोग?"

"चष्म्यावर आरोप हाय ना? मंग चष्मा काढून पाहाले पाह्यजे!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चष्मा घालणं बंद केलं. तीन आठवडे. सावलीचा नकाशा पाठ होता, धडे पाठ होते. फळ्यावर ओळी चढउतार व्हायच्या, एकदा तर फळा संपला तरी भिंतीवर लिहीत गेल्या. मुलं जिवाच्या आकांतानं शांत बसायची, कारण पाऊल वाजलं की नाव निघायचं. रोज मधल्या सुट्टीत मला कान पाहायला लावून त्या वहीत टिपून ठेवत. एकविसाव्या दिवशी मी पाहिलं. जखम भरली नव्हती. उलट वाढली होती.

मॅडम स्टाफरूमच्या मधोमध उभ्या राहिल्या. "ऐका ऐका! चष्मा निर्दोष सुटला!" आणि लगेच चष्मा घालून माझ्याकडं वळल्या, "सर, गाडी काढा. खरा गुन्हेगार शोधाले भंडाऱ्याले जाऊ."

भंडाऱ्याला त्वचेचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मलमाची चौकशी केली नाही, चष्म्याचीही नाही. बोटांच्या चिमटीत कानाची कड धरली आणि हळूच दाबून पाहिली. "वरून जखम दिसते, पण खाली कडक आहे," ते म्हणाले. "रंग नसलेल्या कातडीला ऊन फार लागतं. एखादी जखम महिना-महिना भरत नसेल, तर वाट पाहायची नसते, मॅडम. छोटा तुकडा काढून तपासू." कान बधिर करून त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला.

आठवड्यानं रिपोर्ट आला. मॅडमनी तो नाकाला लावून वाचला. मी शेजारी उभा. मोठ्यानं वाचताना आवाज अगदी वर्गातला होता. "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. स्क्वॅमस म्हंजे पट्टकी पेशी, सर. फरशीसारख्या चपट्या. नववीत शिकवतो मी." मग कागदाची व्यवस्थित घडी घातली. "कातडीचा कॅन्सर हाय. बरा होनारा असते हा, लवकर सापडला तं. आता लवकर सापडला का उशिरा, येवढंच पाहाचं."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तो दिवस मला अजून मिनिटामिनिटानं आठवतो. तिथले सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. मॅडमनी दहा प्रश्न विचारले की ते एकाचं उत्तर देत. त्यांनी कान पाहिला, मग कानाच्या पुढं, जबड्याखाली, मानेवर बोटं फिरवली. एका ठिकाणी त्यांची बोटं थांबली. पुन्हा तिथंच फिरली.

"इथे एक बारीक गाठ लागते आहे. सुईने पाणी काढून तपासावं लागेल. आजार गाठीत गेला असेल तर उपचार वेगळा. नसेल तर फक्त कानाचं ऑपरेशन."

सुई टोचून झाली. चार दिवसांनी या म्हणाले. भंडाऱ्याला तपासलेला, काचेवर चिकटवलेला तो तुकडाही आम्ही सोबत आणला होता, तो तिथल्या प्रयोगशाळेत पुन्हा पाहणार होते. निघायचं सोडून मॅडम प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्या कानाचा तुकडा हाय ना तो? मंग मले दाखवा."

आतल्या डॉक्टरबाई हसल्या. असं कुणी कधी मागितलं नव्हतं म्हणे. त्यांनी खुर्ची सरकवली. मॅडमनी चष्मा वर केला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी दाराशी उभा होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. मॅडमचे खांदे थरथरायला लागले. मला वाटलं, रडताहेत.

"सर!" त्या एकदम ओरडल्या. अख्खी प्रयोगशाळा दचकली. "सर, इकडे या! माह्या कानात मोती हाय!"

मी पाहिलं. गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात गोल गोल वर्तुळं होती, एकात एक, कांद्याच्या चकतीसारखी. त्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की खरंच त्यांना मोतीच म्हणतात. या कॅन्सरच्या पेशी अशा गुंडाळत जातात. मॅडमनी मला बाजूला सारून पुन्हा डोळा लावला. जन्मभर त्यांना सगळं धूसर दिसत आलेलं, आणि इथं मात्र सगळं स्वच्छ, मोठं, जवळ. बाहेर आल्यावर त्या जिन्यानं उतरत नव्हत्या, उड्या मारत होत्या. "मायनं कधी मोत्याचे डूल केले नाईत मले. पाह्य कुठं निघाले!"

रेल्वेत त्यांनी समोरच्या बाकावरच्या कुटुंबाला सगळी हकिगत सांगितली. तुमसरला उतरलो, मी गाडी काढली, त्या मागं बसल्या. छत्री उघडली. आणि तिथून पुढं त्या गप्प झाल्या.

मॅडम गप्प असल्याचा मला अनुभव नव्हता. एक-दोनदा मीच काहीबाही बोललो. सिहोरा चारेक किलोमीटर राहिलं असेल.

"सर, गाडी थांबवा."

दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, मधे कालवा. त्या उतरल्या आणि कालव्याच्या काठावर बसल्या. छत्री गाडीवरच राहिली.

"मले भेव लागून राहिलं," त्या म्हणाल्या.

मी छत्री आणली आणि त्यांच्या डोक्यावर धरून उभा राहिलो.

"बाबा खदानीत होते. मॅंगनीजच्या. मले खांद्यावर बसवून, वर छत्री धरून शाळेत न्याचे. लोक म्हनत, या पोरीले कायले शिकवता, हिले दिसत नाई. बाबा म्हनत, इले ऊन चालत नाई, पुस्तक चालते." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "कान गेला तं जाऊ द्या, सर. पन मंग चष्मा कुठं टांगू? चष्मा नाई तं फळा नाई, वह्या नाई. मी एकवीस दिवस करून पाह्यलं. एकवीस दिवस जमते. जन्मभर नाई जमत."

गाठीबद्दल त्या बोलल्याच नाहीत. ऊन उतरलं तसे आम्ही निघालो.

पण चार दिवस नुसतं बसून राहतील तर त्या मॅडम कसल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, तर स्टाफरूमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर ओळीनं सात कान. तलावातल्या चिकणमातीचे. हुबेहूब. हेडमास्तर दारातच थबकले, "हे काय होय, मॅडम?"

"माहे कान होय. याच्यातला एक तुमी कापून पाहा."

आरशात पाहून, चिमटीनं अंदाज घेऊन त्यांनी स्वतःच्या कानाचे सात नमुने केले होते. प्रत्येकाचा वरचा भाग आधीच्यापेक्षा थोडा जास्त कापलेला. प्रत्येक कानावर जुन्या चष्म्याची काडी टांगून पाहत होत्या. चौथ्या कानापर्यंत चष्मा राहत होता. पाचव्यावरून घसरत होता. हेडमास्तरही नंतर त्यात गुंतले. कधी नव्हे ते खाली बसून कानाच्या खाचेचा विचार करायला लागले.

तेव्हाच कुणी तरी समजूत घालावी म्हणून म्हणालं, की मॅडम, अंगाचा भाग कापायचा म्हणजे अवघडच. त्यावर मॅडम उसळल्या, "अख्खा जिल्हा कापला, सर! गोंदिया तिकडं, भंडारा इकडं. अर्धा जिल्हा गेला, तरी कचेरी चालूनच राहिली ना? मंग माह्या बोटभर कानाचं काय घेऊन बसले!"

पाचव्या दिवशी चौथ्या नंबरचा कान डब्यात ओल्या कापसात ठेवून आम्ही नागपूरला गेलो. सर्जनच्या खोलीत शिरताना मॅडमनी माझा हात धरला होता. सर्जननी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, "गाठ साधी आहे. जखमेमुळे सुजली आहे. आजार कानापुरताच आहे."

मॅडमनी माझा हात सोडला, डबा उघडला आणि तो मातीचा कान त्यांच्या टेबलावर ठेवला. शेजारी जुना चष्मा. "डॉक्टरसाहेब, इथपर्यंत कापा. याच्या खाली चष्मा राहत नाई. मी प्रयोग करून पाह्यला."

सर्जननी कान उचलला. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला, मग टेबलावरची कागद कापायची सुरी घेतली आणि मातीच्या कानाचा आणखी एक तुकडा, पाचरीच्या आकाराचा, काढला.

"तुम्ही कमी कापलं. जखमेच्या भोवतीची चांगली कातडीसुद्धा थोडी घ्यावी लागते. नाहीतर आजार मागे राहतो."

मॅडमचा चेहरा पडला.

सर्जननी बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवली, माती ओली केली, कापलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंच्या कडा हळूहळू ओढत एकमेकींना भिडवल्या आणि जोडल्या. कान पुन्हा कानासारखा झाला, फक्त लहान. त्यावर त्यांनी चष्म्याची काडी ठेवली आणि हात काढून घेतला. चष्मा राहिला.

"कान धाकटा होईल," ते म्हणाले. "पण चष्म्यापुरता राहील. ऐकण्यात काही फरक नाही, ते काम आतलं आहे."

मॅडमनी टेबलावर इतक्या जोरानं थाप मारली की काडी घसरून चष्मा पडला. आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसानं तो शांतपणे उचलून पुन्हा कानावर ठेवला.

ऑपरेशन फक्त कान बधिर करून झालं. मॅडम जाग्या होत्या आणि सगळा वेळ बोलत होत्या, असं तिथल्या सिस्टरनं मला बाहेर येऊन सांगितलं. काय बोलत होत्या? "आम्हाला सगळ्यांना ऊती शिकवून ऱ्हायल्या." काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासल्या, त्या चारी बाजूंनी स्वच्छ निघाल्या. टाके निघाले त्या दिवशी सर्जननी स्वतः त्यांना चष्मा घातला. जरासा उजवीकडे कलला. तुमसरच्या चष्मेवाल्यानं काडी वाकवून तो सरळ केला, पण मॅडम मधले दोन दिवस तसाच घालून फिरल्या. म्हणाल्या, जग थोडं तिरपं बी चांगलं दिसते.

आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, कान झाकायचे, असं ठरलं. मग त्यांनी पातळ मलमलीचा रुमाल शिवून घेतला, ज्यातून आवाज येतो, असा. दहा कापडं कानाला लावून, मला व्हरांड्यात चालायला लावून त्यांनी ते कापड निवडलं.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. मॅडमच्या डोक्यात मात्र दुसरंच सुरू झालं होतं. "माह्यासारख्या कातडीची मी एकटीच थोडी हाव? बाकीचे तं बांधीत राबत असतीन. त्यांचे कान कोन पाहून राहिलं?" तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत त्या प्रत्येक मास्तरला विचारू लागल्या, तुमच्या गावात आहे का कुणी? लोक चाचरत, इकडं तिकडं पाहत. अशी माणसं घराबाहेर कमी दिसतात आणि दिसली तरी त्यांच्याबद्दल बोलायची सवय नसते. तरी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये एक बाई सापडल्या, तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या कर्मचाऱ्याची बायको. लाखनीकडं एक शिंपी सापडला. मॅडमना मी दोन्ही ठिकाणी नेलं. प्रत्येक वेळी परतताना त्या मागून मला म्हणायच्या, "आनखी असतीन, सर. आनखी कुठं असतीन?"

आणि मी गाडी चालवत राहायचो.

माझं गाव कोंढा. आमच्या कोंढ्यात असा एक माणूस होता. मी लहान असल्यापासून. आम्ही शाळा सुटल्यावर त्याच्या मागं "इंग्रज आला, इंग्रज आला" करत धावायचो. तो उन्हात डोळे मिटून, हातानं कपाळ झाकून भरभर चालायचा. एकदा मी ढेकूळ मारलं होतं, ते त्याच्या पाठीला लागलं होतं. हे मॅडमना सांगायचं म्हणजे तेही सांगावं लागलं असतं. म्हणून दीड वर्ष मी त्यांच्या खटाटोपात गाडी चालवली आणि तोंड उघडलं नाही.

शेवटी एका दुपारी, शिंप्याच्या कानावरही तसलाच ठिपका निघाला आणि वेळेत काढला गेला, त्याचे पेढे वाटताना, मी सांगून टाकलं. ढेकळासकट.

मॅडमनी हातातला पेढा खाली ठेवला. "दीड वर्ष, सर?"

"हो."

"उद्या रविवार हाय. पहिली बस."

बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत. भंडाऱ्यापर्यंतही नाही, पुढं कोंढ्यापर्यंतही नाही.

तो घराच्या ओसरीत बसून दोर वळत होता. आता पंचेचाळिशीचा. केसांवर दुपट्टा, आणि डाव्या कानावर हळद-चुन्याचा जाड लेप. आमची चाहूल लागली तसा उठून उभा राहिला. मॅडम पुढं झाल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यालाही दिसत नव्हतं. दोघंही एकमेकांकडं वाकत वाकत गेले, ते वितीवर येऊन थांबले. त्यानं त्यांच्या पापण्या पाहिल्या. केस पाहिले. मग हातमोज्यातून बाहेर आलेलं मनगट पाहिलं.

"तुमी कोन्या गावच्या, बाई?"

"सिहोऱ्याची."

"तिकडं सारे असेच असतेत का?"

मॅडम हसत सुटल्या. हसता हसता ओसरीवरच बसल्या. त्या हसतात हे पाहून तोही हसला, तोंडावर हात धरून.

मग त्यांनी रुमाल सोडला आणि आपला धाकटा कान त्याच्यापुढं केला. "हा पाहा, भाऊ. तुमच्यासारखीच जखम होती. कापली. चष्मा राहते, ऐकू येते. तुमचा लेप पुसून दाखवा मले."

लेपाखालची जखम पाहून मी मान फिरवली. मॅडमनी फिरवली नाही. त्यांनी नाक लावून ती पूर्ण पाहिली. "नागपूरले जाचं. या आठवड्यातच."

"आपल्याले नाई जमत, बाई. तिथं लय लोक असतेत. पाह्यतेत."

"पाहू द्या ना! मी येतो ना संग. अर्धे माह्याकडे पाह्यतीन."

तो विचारात पडला. आम्ही निघायच्या वेळी मी म्हणालो, "दादा, बुधवारी मी न्यायला येतो." त्यानं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मोठ्या माणसाचा आवाज, पण त्यानं ओळखला.

"तू तोच ना, ढेकूळ मारनारा?"

"हव दादा. मीच."

"मोठा झाला," तो म्हणाला, आणि पुन्हा दोर वळायला बसला. बुधवारी मी गेलो, तेव्हा तो धुतलेले कपडे घालून, पिशवी घेऊन तयार होता.

त्याचं मॅडमसारखं सोपं नव्हतं. वरचा अर्धा कान गेला, मानेतल्या दोन गाठी काढाव्या लागल्या, पुढं किरणांचा शेक घ्यावा लागला. अशक्तपणा आला. दोनदा तो मधेच सोडून गावी गेला, दोनदा मॅडम जाऊन त्याला घेऊन आल्या. एकदा त्या स्वतः ताप अंगात असताना गेल्या. वर्ष गेलं, तेव्हा कुठं सर्जननी कमी शब्दांत सांगितलं, की आता ठीक आहे.

तपासणीच्या एका खेपेला मॅडमनी सर्वांना एकाच दिवशी बोलावलं. दवाखान्याचा व्हरांडा गच्च भरलेला. एका लांब बाकावर मॅडम, जवाहरनगरच्या बाई, लाखनीचा शिंपी आणि कोंढ्याचा तो, असे चौघं ओळीनं बसले. पांढरे केस, गुलाबी चेहरे. जवाहरनगरच्या बाई मॅडमना कुठल्या तरी मलमाचं नाव सांगत होत्या, शिंपी मॅडमच्या रुमालाची शिलाई बोटांनी तपासून नावं ठेवत होता, आणि मॅडम एकाच वेळी दोघांशी भांडत होत्या. मी बाकाच्या टोकाला टेकायला गेलो, तर मला उठवलं. "तुमी उभे राहा, सर. हा बाक आमच्यावाल्याचा हाय."

येणारा जाणारा थांबून पाहत होता. चौघांपैकी कुणालाच त्याची फिकीर नव्हती. शेवटी एक म्हातारी, नातवाचा हात धरून चाललेली, बाकासमोर थबकली. तिनं एकेकाकडं निरखून पाहिलं, मग या टोकाला असलेल्या कोंढ्याच्या माणसाला विचारलं, "काय जी, सारे एकाच घरचे होय का?"

मॅडमनी तोंड उघडलं, बहुतेक मेलॅनिन सांगायला. पण त्यांच्या आधी तोच बोलला. मान वर करून, व्हरांडाभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"हव," तो म्हणाला. "एकाच घरचे."